असई १८०३ : केळणेचा उतार आणि एक सिनारिओ

७ जून

आज ठरवलं, टेबलावर खेळायच्या माझ्या युद्धखेळाचा पुढचा सिनारिओ, म्हणजे खेळण्यासाठी मांडलेली लढाई, असईचा. गेले कित्येक महिने डोक्यात होतं पण हात लावायची हिंमत होत नव्हती, कारण ही लढाई आपण हरलो आणि तीही अशा दिवशी जेव्हा आपली पायदळं जीव तोडून लढली, त्यामुळे ती नीट उभी करायची तर मनापासून करायला हवी. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळ, आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांची एकत्र फौज, आणि मध्ये केळणा नदी.

सिस्टीम माझी नेहमीचीच, हेक्सवाली, म्हणजे षटकोनी घरांच्या मॅपवर सोंगट्या हलवायच्या. एक हेक्स (घर) २०० मीटर, एक टर्न (पाळी) वीस मिनिटं, एक काउंटर (सोंगटी) म्हणजे एक पायदळ पलटण किंवा एक घोडदळ रिसाला किंवा पाच-सहा तोफा. पाचसहाशे माणसांची पलटण लाइनमध्ये उभी राहिली की साधारण दीडशे ते दोनशे मीटर जागा घेते म्हणून हा स्केल बरोबर बसतो. दुपारी एकपासून अंधार पडेपर्यंत सोळा टर्न.

११ जून

दिवसभर नुसती टाइमलाइन लावत बसलो.

२१ तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन भेटले आणि ठरलं की दोघांनी दोन वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ला मिळून हल्ला करायचा. २३ला सकाळी वेलस्ली साधारण १४ मैल चालून नळणीला पोचला, इंग्रजी कागदात ते नौलनिया असं येतं, आणि तिथे त्याला कळलं की मराठी फौज लांब कुठे नाही, सहा मैलांवरच आहे. स्टीव्हन्सनची वाट न बघता त्याने त्याच दिवशी भिडायचं ठरवलं. बाजारबुणगं आणि सामान नळणीला ठेवलं, राखणीला माणसं ठेवली, आणि उरलेली दमलेली फौज घेऊन पुढे निघाला. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, तोवर सगळं संपलं होतं.

आकडे. वेलस्लीकडे लढणारी कवायती फौज साधारण ४,५००. त्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी, मद्रासच्या शिपायांच्या पलटणी, १९वे लाइट ड्रॅगून आणि मद्रासचे ४था, ५वा, ७वा असे तीन रिसाले. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून ५,००० च्या आसपास घोडेस्वार. समोर कवायती पायदळ अंदाजे १०,८००, तीन कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे मोठे गट, सगळ्यात मोठा शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन अंमलदाराचा, पोलमानचा, मग बेगम समरूचा, मग ड्युपाँटचा. तोफा शंभरच्या आसपास. आणि घोडदळ तीस हजारांच्या वर.

तीस हजार हा आकडा बघून पहिल्यांदा सगळे गडबडतात की मग हरलो कसे. ते घोडदळ नदीकाठाने पश्चिमेला भोकरदनच्या बाजूपर्यंत पसरलेलं होतं आणि पायदळ पूर्वेच्या टोकाला असईजवळ. सगळी छावणी सहा-सात मैल लांब. म्हणजे मॅपवर घोडदळाचा फार थोडा भाग येणार, बाकीचं मॅपच्या पश्चिम कडेबाहेर. ते आत कधी येतं आणि किती येतं हाच एक मोठा नियम होणार.

१५ जून

मॅप. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

दोन नद्या आहेत. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. दोन्ही पूर्वेकडे वाहतात आणि असईच्या पूर्वेला एकमेकींना मिळतात, त्यामुळे मध्ये जिभेसारखी जमीन तयार होते, पश्चिमेला रुंद आणि पूर्वेला निमुळती. मराठी पायदळ या जिभेवर केळणेच्या उत्तर काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभं होतं. दोन्ही नद्यांच्या दरडी उभ्या आहेत, नुसतं पाणी असतं तर माणूस कुठूनही उतरला असता, पण दरडीमुळे तोफ आणि बैल उतारावरूनच, म्हणजे नदी पार करता येते अशा वाटेवरूनच जाणार.

वेलस्ली समोरून आला, त्याला सगळी फौज दिसली, आणि समोरून उतरणं म्हणजे शंभर तोफांच्या तोंडात जाणं. म्हणून त्याला डाव्या बगलेला, म्हणजे आपल्या पूर्वेच्या टोकाला वळसा घालायचा होता. वाटाड्यांना विचारलं तर ते म्हणाले तिकडे उतार नाही. आणि मग त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने विचार केला की दोन गावं इतकी जवळ समोरासमोर आहेत तर लोक येत-जात असणारच आणि येत-जात असतील तर वाट असणारच. माणूस पाठवून बघितलं, उतार होता.

आपल्या मुलखात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. नदीच्या अल्याड-पल्याड जुळी गावं असली की मधून बैलगाडीची वाट असतेच, आठवडी बाजाराला जायला, लेकीबाळींना माहेरी न्यायला. पण परक्या सेनापतीने ते नुसतं बघून ओळखलं आणि आपल्या बाजूच्या कुणी त्या उतारावर चौकी ठेवली नाही, इथेच लढाई फिरली असं माझं मत आहे. म्हणून या सिनारिओत नदी ही अडथळ्यापेक्षा जास्त माहितीची गोष्ट आहे. कुणाला काय माहीत आहे, यावर सगळं.

नद्या हेक्सच्या कडांवर काढल्या. दरडीची कड ओलांडायला पायदळाला पूर्ण टर्न आणि फॉर्मेशन मोडणार, तोफांना अजिबात परवानगी नाही. उताराच्या कडेवरून सगळ्यांना परवानगी.

२० जून

पहिली प्लेटेस्ट, म्हणजे चाचणीचा खेळ, आणि जी भीती होती तेच झालं.

माझा मित्र मराठी बाजूला बसला. त्याने सेटअप झाल्या झाल्या दोन पलटणी आणि दोन तोफांचे काउंटर सरळ वरूडजवळच्या उतारावर नेऊन ठेवले. मी विचारलं असं का, तर म्हणाला, "अरे मला माहितीये ना तो इथूनच येणार." बरोबरच आहे त्याचं. इतिहास वाचलेला कुठलाही माणूस हेच करणार. चौथ्या टर्नला इंग्रज फौज उतारावर अडकली, सहाव्याला आम्ही थांबलो.

नदी ओलांडून लढलेल्या सगळ्याच लढायांना हा रोग असतो. कुठून ओलांडलं हे पुस्तकात छापलेलं असतं आणि मॅपवरही उतार छापलेला असतो, मग सेनापतीला जे कोडं पडलं होतं ते खेळाडूला पडतच नाही.

२१ जून

सोपा उपाय म्हणजे नियम लिहायचा की पाचव्या टर्नपर्यंत मराठी युनिट उताराच्या चार हेक्सच्या आत जाऊ शकत नाही. बऱ्याच गेममध्ये असंच असतं. मला नाही आवडत. असा नियम खेळाडूला सांगतो की तू मूर्ख सेनापती आहेस आणि तुला मूर्खासारखंच वागावं लागेल. पोलमान मूर्ख नव्हता, आणि त्याच्या पलटणींनी नंतर जे केलं ते मूर्ख फौजेला जमतच नाही.

२४ जून

जमलं बहुतेक. लिहून ठेवतो नाहीतर विसरेन.

मॅपवर केळणेच्या काठाने सात ठिकाणी जुळी गावं किंवा वाटा दाखवायच्या, त्यातल्या दोन मराठी लाइनच्या समोर आणि पाच पूर्वेला. समोरचे दोन उतार उघड आहेत, सगळ्यांना माहीत. पूर्वेच्या पाच जागांवर पालथ्या चिट्ट्या. दोन चिट्ट्या "उतार", दोन "दरड", एक "गाळ". चिट्ट्या मिसळून ठेवायच्या, कुणीच बघायच्या नाहीत. इंग्रज खेळाडू घोडेस्वार पाठवून चिट्टी बघू शकतो पण त्यात एक टर्न जातो आणि दिवस छोटा आहे. मराठी खेळाडूही बघू शकतो, त्याच्याकडे तर घोडेस्वार भरपूर आहेत! पण त्यासाठी त्याला ऑर्डर, म्हणजे टर्नला मोजकेच मिळणारे हुकूम, त्यातली एक खर्च करावी लागते.

आणि ऑर्डर हीच मराठी बाजूची टंचाई. वर दोन सत्ताधीश, दोघांची फौज वेगळी, पायदळाचा कारभार युरोपियन अंमलदारांच्या हातात, आणि त्यातही त्या वर्षी युद्ध सुरू झाल्यावर कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अंमलदारांना बाहेर पडायला सांगितलं होतं, काही गेले, काही पलटणींचे ओळखीचे साहेब ऐन वेळी नव्हते. म्हणून मराठी खेळाडूला टर्नला तीनच ऑर्डर. शिंदे गट, भोसले गट, पोलमान. एक ऑर्डर उतार बघायला घालवली तर त्या टर्नला कुठला तरी एक गट जागेवर उभा राहणार.

आता उतारावर चौकी ठेवता येते. पण कुठल्या?

४ जुलै

ओलांडायला वेळ किती लागतो यावर तीन संध्याकाळी गेल्या. हे कुणी नीट मांडत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

५५० माणसांची पलटण चारच्या रांगेत निघाली तर साधारण १३८ ओळी होतात. दोन ओळींत सव्वा मीटर धरला तर लांबी १७० मीटर. पाण्यातून, चिखलातून, खांद्यावर बंदूक आणि कमरेची काडतुसं कोरडी ठेवत माणूस तासाला दोन किलोमीटर चालला तरी पुष्कळ. म्हणजे एक पलटण उतरायला पाच मिनिटं. दोन पलटणींमधलं अंतर, वरच्या काठावर चढून बाजूला सरकायचा वेळ, कुणीतरी घसरून पडणार, असं सगळं धरून वीस मिनिटांत तीन पलटणी. पायदळाचे सात काउंटर, म्हणजे तीन टर्न. तोफा बैलांच्या, त्यांना पूर्ण एक टर्न. घोडदळाचे चार रिसाले एक टर्न. एकूण पाच टर्न, शंभर मिनिटं.

हा आकडा आला तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण एकच्या सुमारास फौजा एकमेकांना दिसल्या आणि तीनच्या सुमारास तोफा जोरात सुरू झाल्या असं वर्णन मिळतं. गणित आणि इतिहास एकमेकांच्या जवळ आले. आता हे नियमात: उताराचा हेक्स एका टर्नला तीन पायदळ काउंटर सोडतो, किंवा चार रिसाले, किंवा सगळ्या तोफा. मिसळता येत नाही. पुढचं युनिट काठावर अडकलं तर मागचं सगळं थांबतं.

उतरताना मराठी तोफा लांबून मारतात. पहिल्या गोळ्यांपैकी एकाने वेलस्लीच्या शेजारच्या ड्रॅगून स्वाराचं डोकं उडवलं होतं. पण अंतर लांब होतं म्हणून ओलांडताना नुकसान फार झालं नाही, ते पुढे झालं. त्यामुळे उतारावर तोफांचा मारा आहे पण कमी ताकदीचा, त्याचा खरा परिणाम म्हणजे युनिट विस्कळीत होऊन रांग तुंबणं.

म्हैसूर आणि पेशव्यांचे स्वार दक्षिण काठावरच राहिले, मराठी घोडदळावर नजर ठेवायला. त्यांना सिनारिओत नदी ओलांडायची मुभा दिली आहे पण मग मॅपच्या पश्चिम कडेकडून येणाऱ्या मराठी घोडदळाचा फासा सोपा होतो. कुणी हे करेल असं वाटत नाही, तरी दार उघडं असावं.

९ जुलै

आज तोंड फिरवण्याचा नियम.

वेलस्लीचा अंदाज होता की वळसा घातला की मराठी पायदळ दक्षिणेकडेच बघत राहील आणि तो त्यांच्या बगलेवर पडेल. तसं झालं नाही. पोलमानने अख्खी लाइन काटकोनात फिरवली. दक्षिणेकडे तोंड असलेली लाइन पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, उजवी बाजू केळणेला टेकलेली, डावी बाजू असई गावाजवळ जुईला टेकलेली. दहा हजारांवर माणसं, तोफा, बैल, दारूगोळ्याच्या गाड्या, आणि समोरून शत्रू नदी उतरतोय. ज्याने शाळेच्या कवायतीत पन्नास मुलांची रांग डावीकडे फिरवून बघितली आहे त्याला कळेल हे काय आहे.

पहिल्या मसुद्यात मी प्रत्येक पलटणीला फासा टाकायला लावला होता आणि निम्म्या पलटणी नापास व्हायच्या. का लावला होता? कारण बाहेरचे बरेच गेम मराठी पायदळाला कच्चं रेटिंग देतात आणि ते डोक्यात बसलेलं होतं. हे चूक आहे. पोलमानचा कंपू हा महादजींच्या काळात बेन्वा द ब्वान्य या युरोपियन अंमलदाराने उभ्या केलेल्या आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या पेरॉनच्या हाताखाली वाढलेल्या फौजेतला, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना होता, आणि या पलटणी उत्तरेत वर्षानुवर्षं लढून तयार झालेल्या. त्यांच्या रेटिंगला मद्रासच्या शिपायांपेक्षा कमी धरायला मला कुठलाही पुरावा सापडत नाही.

नवा नियम: पोलमानच्या ऑर्डरवर त्याचा पूर्ण कंपू फासा न टाकता फिरतो. बाकी दोन कंपू फासा टाकतात पण दहातले सात आकडे चालतात. फिरताना एक टर्न तोफा गप्प.

प्लेटेस्टमध्ये पहिल्यांदा सगळी लाइन सरसर फिरली तेव्हा माझा मित्र, जो या वेळी इंग्रज बाजूला होता, तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "आता काय करू?" हाच प्रश्न त्या दिवशी पलीकडच्या काठावर पडला असणार.

१६ जुलै

तोफा. यावर किती लिहावं तेवढं कमी.

नदी ओलांडून इंग्रज फौज दोन ओळींत उभी राहिली, मागे घोडदळ. त्यांच्या तोफा पुढे आणल्या आणि आपल्या गोलंदाजांनी बैल आणि तोफा दोन्ही पाडले. बैलच मेले तर तोफ कुठे जाणार. मग वेलस्लीने तोफा मागे टाकून नुसत्या संगिनीवर पायदळ पुढे घातलं. नियम सोपा: बैलांचा काउंटर पडला की तोफ त्या हेक्सला खिळली.

७८वी हायलँडर डाव्या टोकाला, केळणेच्या बाजूला. ती आणि तिच्या शेजारच्या मद्रासच्या पलटणी तोफांवर चढून गेल्या. गोलंदाज पळाले नाहीत. तोफेजवळच कापले गेले. आणि मग, हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो, इंग्रज ओळ पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः ७८वी आणि ७वा रिसाला घेऊन परत यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. यात त्याच्या घोड्याला भाला लागला, त्याआधी एक घोडा गोळी लागून मेला होता.

पहिला नियम: तोफ घेतली की काउंटर पालथा. इंग्रज युनिट त्या हेक्समधून बाहेर पडलं की मराठी खेळाडू फासा टाकतो, एक ते चार आला तर तोफ परत सुरू. खेळून बघितलं तर इंग्रज खेळाडू प्रत्येक तोफेवर एक युनिट बसवून ठेवायचा, गेम तिथेच चिकटायचा.

दुसरा नियम: घेतलेल्या तोफेखाली मराठी खेळाडू गुपचूप एक चिट्टी ठेवतो, "जिवंत" किंवा "शांत". जिवंत चिट्ट्या फक्त चार. इंग्रजाला कळत नाही कुठल्या तोफेखाली काय आहे. राखण ठेवायची तर पुढची ओळ पातळ होते, नाही ठेवली तर पाठीत गोळे. हा नियम मला बदलावासा वाटत नाही.

१९ जुलै

छोटंसं. घेतल्या गेलेल्या तोफा ९८ म्हणून नोंद आहे. काउंटरवर तेवढ्याच बसतील अशी संख्या केली, अठरा काउंटर.

२५ जुलै

इंग्रजांच्या उजव्या टोकाचा प्रश्न. वेलस्लीने तिथे पिकेट्स, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, ठेवल्या होत्या, कर्नल ऑरॉकच्या हाताखाली, आणि सांगितलं होतं की असई गावापासून लांब राहा. धुरात आणि गोंधळात ऑरॉक सरळ असईवर चालून गेला, मागून ७४वी त्याच्या पाठोपाठ गेली. असईत पायदळ आणि तोफा होत्या. पिकेट्स कापल्या गेल्या आणि ७४वीवर आधी तोफा, मग घोडदळ पडलं. त्यांनी प्रेतांच्या आडोशाने चौकोन केला. साधारण ५०० माणसांपैकी ४०० च्या आसपास मेली किंवा जखमी झाली. इंग्रज घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल, त्याचं घोडदळ वेळेवर पोचलं म्हणून उरलेली वाचली.

हे सिनारिओत कसं आणायचं? इव्हेंट कार्ड ठेवलं की "पिकेट्स असईकडे जातात" तर पुन्हा तेच, खेळाडूच्या हातून चूक करवून घेणं. चुकीची परिस्थिती द्यायची, चूक त्याची त्याने करावी किंवा टाळावी.

म्हणून असईत काय आहे ते झाकलं. गावाच्या तीन हेक्सवर पालथे काउंटर, मराठी खेळाडू ठरवतो किती खरे किती पोकळ. इंग्रजाला गाव टाळायचं तर त्याची उजवी बाजू उघडी पडते आणि जुईच्या काठाने घोडदळ मागे शिरतं. गाव घ्यायचं तर काय निघेल माहीत नाही. तीन वेळा खेळलो, तीन वेळा उजवीकडे वेगळं काहीतरी घडलं आणि दोनदा इंग्रज खेळाडूने आपण होऊन ऑरॉकचीच चूक केली. दोघांनाही इतिहास माहीत होता! पण गाव पोकळ असेल तर लढाई इथेच संपते हा मोह कुणाला सुटत नाही.

३ ऑगस्ट

आज पूर्ण सोळा टर्न, सहा तास. मी मराठी बाजूला.

उतार या वेळी पूर्वेकडून दुसऱ्या जागी निघाला. मी पहिल्या टर्नला एक ऑर्डर खर्च करून एक जागा बघितली, ती दरड निघाली, मग वाटलं पुरे आणि ऑर्डर वाचवल्या. तिसऱ्या टर्नला इंग्रज उतरायला लागला. माझ्याकडे दोन पर्याय, धावत जाऊन काठावर गाठायचं किंवा लाइन फिरवून थांबायचं. धावत गेलो तर तोफा मागे राहतात, आणि माझी सगळी ताकद तोफांत. लाइन फिरवली. तेव्हा मला मनापासून पटलं की पोलमानने उतारावर धावून न जाता तोंड फिरवून उभं राहायचं ठरवलं ते तोफखान्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पुस्तक वाचून हे इतकं कळत नव्हतं.

डावीकडे असईत चांगलं चाललं, उजवीकडे पोलमानची दोन युनिटं फुटली. दोन जिवंत चिट्ट्या उठल्या, एक वाया गेली. घोडदळासाठी दर टर्नला फासा टाकत होतो आणि अकराव्या टर्नपर्यंत फारसं काही आलं नाही. दौलतराव आणि रघूजी लढाईच्या सुरुवातीलाच मैदान सोडून गेले होते, त्यामुळे हे असंच हवं, पण खेळताना फार जीव जळतो. पश्चिम कडेबाहेर तीस हजार घोडा उभा आहे आणि इथे पायदळ एकटं.

तेराव्या टर्नला माझी उरलेली ओळ जुईला पाठ लावून उभी होती.

४ ऑगस्ट

रात्री झोप आली नाही, जुईचा विचार करत होतो. सगळं लक्ष केळणेवर, पण या लढाईत नदी दोनदा ओलांडली जाते. शेवटी आपल्या पलटणी जुई उतरून उत्तरेला निघून गेल्या. मॅक्सवेल घोडदळ घेऊन त्यांच्यावर गेला, त्या हल्ल्यात तो मेला आणि हल्ला फसला. थकलेल्या इंग्रजांना पाठलाग करता आला नाही. म्हणजे हरलेली फौज, तोफा गेलेल्या, वरचे मालक गेलेले, तरी नदीकाठावर तोंड देत पलीकडे उतरली.

हे सिनारिओत नाही. जुईच्या कडा मी नुसत्या काढल्या होत्या, त्यांना काही अर्थच दिला नव्हता. आज बदललं. जुईला तीन उतार, सगळे उघड, मराठी माणसाला माहीत असलेले. बाराव्या टर्नपासून मराठी युनिट जुई ओलांडून मॅपबाहेर जाऊ शकतं आणि प्रत्येक शाबूत पलटणीला गुण. ओलांडताना मागच्या पलटणीने काठ धरून ठेवावा लागतो, नाहीतर घोडदळ उतारावरच गाठतं.

१४ ऑगस्ट

जिंकायच्या अटी. इंग्रजांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता, एकूण १,५८४. साडेचार हजार कवायती फौजेच्या मानाने बघितलं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मैदानावर आपले १,२०० मेलेले मोजल्याची नोंद आहे, जखमी धरून नुकसान बरंच मोठं.

त्यामुळे मैदान कुणाच्या हातात यावर सगळे गुण द्यायचे नाहीत. तीन खाती ठेवली, तोफा, इंग्रजांचं नुकसान, जुईपार गेलेल्या मराठी पलटणी. प्रत्यक्षात जे झालं त्याला या हिशोबात इंग्रजांचा निसटता विजय येतो. एका मित्राचं म्हणणं की हे आपल्या बाजूने झुकवलंय. मी त्याच्याशी तासभर बोललो. तोफा गेल्या ते नुकसान भरून निघालं नाही, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, मग देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह, हे सगळं मला मान्य आहे. म्हणून तोफांचं खातं सगळ्यात जड ठेवलं आहे. पण हा एका दुपारचा सिनारिओ आहे आणि त्या दुपारी इंग्रजांनी दिलेली किंमत हा त्या दुपारचाच भाग आहे.

२ सप्टेंबर

काउंटरवरची नावं. पायदळाला "पलटण", घोडदळाला "रिसाला" आणि शिलेदारांना "पागा" न लिहिता नुसतं "स्वार", कारण पागा म्हणजे सरकारी घोड्यांची, ती वेगळी. मद्रासच्या पलटणींना नंबर पूर्ण लिहिले, कारण या फौजेतले बहुतेक शिपाई इथल्याच देशातले होते आणि बरेच गेम त्यांना नुसतं "सिपॉय" म्हणून मोकळे होतात. नदीचं नाव केळणा, इंग्रजी कागदातलं कैलना किंवा कैटना नाही. जुई ती जुईच.

११ सप्टेंबर

घोडदळाचा फासा थोडा सैल केला. आधी टर्नला एक काउंटर यायची शक्यता दहात दोन, आता तीन, आणि ७४वीसारखं एखादं युनिट असईजवळ मोडलं तर त्या टर्नला दहात सहा. मोडलेल्यावर स्वार येतात, उभ्या राहिलेल्यावर येत नाहीत.

२३ सप्टेंबर

आजची तारीख धरून शेवटची प्लेटेस्ट ठेवली होती. दोन्ही खेळाडू नवे, मी नुसता बघत होतो आणि वही भरत होतो.

मराठी खेळाडूने पहिल्या दोन टर्नला दोन जागा बघितल्या, एक उतार सापडला, तिथे एक पलटण ठेवली. इंग्रज खेळाडूला ती पलटण दिसली, त्यावरून त्याने ओळखलं की इथे उतार आहे, आणि मग तो तिथे न जाता आणखी पूर्वेला गेला, चिट्टी उलटली, गाळ. मागे फिरला. दोन टर्न गेले. शेवटी चौकीवरच्या पलटणीशी लढत उतरला आणि त्याची पूर्ण फौज पलीकडे उभी राहिली तेव्हा आठवा टर्न होता. असई त्याने टाळली. सोळाव्या टर्नला अंधार पडला तेव्हा बारा तोफांचे काउंटर त्याच्याकडे, आणि मराठी खेळाडूच्या सहा पलटणी जुईच्या पलीकडे.

एक दुरुस्ती राहिली. चौकीवरची पलटण दिसली की उतार आहे हे शत्रूला आपोआप कळतं, हे बरोबर आहे, पण मराठी खेळाडूला पोकळ चौकी ठेवायची मुभा हवी. दरडीवरही एक पलटण उभी करून ठेवता आली पाहिजे. उद्या हा नियम लिहितो आणि मॅपची फाइल छपाईला देतो.